विमानाखाली गेलेलं वाक्य

आजीला 'महोदय' म्हणायला कुठल्या शाळेत शिकवतात गं? तुझ्या कार्यालयाचा कागद आलाय घरी, जमीन अजून माझ्या नावावर ना. 'महोदय, आपल्या भूखंडाचा समावेश सुरक्षा पट्ट्यात होत असून' वगैरे वगैरे, आणि खाली तुझी सही, शेपटीसकट. जिने तुझी दुपटी धुतली तिला तू महोदय करून टाकलंस आणि शेवटी 'आपली विश्वासू' लिहून मोकळी झालीस. विश्वासू माणूस घरी येतो, पोस्टाने येत नाही. ही माझी तक्रार आधी नोंदवून घे, मग पुढचं वाच.

प्रिय मोजणीबाई,

तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर मला हल्ली नुसती माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतं. मग मी आपली हो हो म्हणत राहते. मागे असंच हो हो म्हणता म्हणता कुणाचं तरी जुनं शिलाई मशीन विकत घ्यायला तयार झाले होते. तुझ्या आईच्या भरवशावर निरोप धाडण्यातही अर्थ नाही. ती दवाखान्यातून येते, पाय चोळत तुला फोन लावते, जेवलीस का विचारते. तू तिला हवा कशी आहे विचारतेस. संपलं. सुनावणीच्या दिवसापासून तू घराची पायरी चढली नाहीस आणि तुझा बाप तुझं नाव घेत नाही, हे तुम्ही दोघी मिळून जिन्याखाली सारून ठेवता. मला जिन्याखाली काही ठेवलेलं आवडत नाही, उंदीर होतात.

घरची खबर सांगते. तुझा बाप बरा आहे, म्हणजे चिडका आहे. पूर्वी रंधा मारताना गुणगुणायचा, आता रंध्यालाच शिव्या देतो. विटा विहिरीपाशी तशाच पडल्यात, वर ताडपत्री. गुडघे बोलायला लागले, पुढे सुतारकी होणार नाही, म्हणून तिथे चार खोल्या काढायच्या, विमानांच्या तळावर कामाला येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या आणि म्हातारपणी खुर्चीत बसून खायचं, असा त्याचा बेत होता. तुझ्या नकाशातला पट्टा नेमका त्याच तुकड्यावरून गेला. आता तिथे शेत करा, गोदाम बांधा, काय वाटेल ते करा, पण माणूस झोपवायचा नाही. येता-जाता तो त्या विटांकडे बघतो, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावं तसा.

तुला शहराची हवा लागली असेल, पण इकडे अजून पहिल्यासारखंच आहे. विमान आलं की ज्याने त्याने आपलं बोलणं जिथल्या तिथे धरून ठेवायचं आणि आवाज सरला की त्याच शब्दापासून पुढे निघायचं. नवी माणसं विमानावर ओरडून बोलू बघतात आणि घसा बसवून घेतात. आपला न्हावी वस्तरा उचलून थांबतो, मास्तर खडू धरून थांबतो. तुझे आजोबा नि मी ऐन भांडणात थांबायचो. मग एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभं राहायला लागायचं आणि त्यात निम्मा राग फुकट जायचा. तळ नसता तर मी त्यांच्याकडे चाळीस वर्षं टिकले नसते. तू शिकायला गेलीस तेव्हा खोलीतल्या मुली तुला खुळी म्हणायच्या, रस्त्यावरून ट्रक गेला तरी तू तोंड उघडं ठेवून थांबायचीस म्हणून.

तळाशी माझं वैर नाही. तो आहे म्हणून इथवर डांबर आलं, दवाखाना आला, तुझ्या बापाला दारं-खिडक्यांची कामं मिळाली. माझे कान त्याने खाल्ले हेही खरं. आता शाळेला जाड काचा बसल्यात, परीक्षेच्या दिवसांत तळवाले दुपारनंतरच उडतात, आणि आपल्या लोकांनी कचऱ्याचा ढीग धावपट्टीपासून लांब नेला, कारण त्यावरच्या घारी विमानात शिरायच्या. आधी दोन्हीकडचे एकमेकांना नुसते खलिते धाडायचे. तुम्ही मंडळींनी त्यांना एका टेबलाशी बसवलंत. चांगलं केलंत. हे लिहून देतेय, जपून ठेव, तोंडी मिळणार नाही.

आणि तुझा पट्टा बरोबर आहे. तू जन्मायच्या आधी एक विमान धावपट्टी सोडून आपल्या विहिरीपलीकडे उभ्या पिकात येऊन पडलं होतं. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. धुरातून एक पोरगेलासा वैमानिक चालत आला, पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. भांडं दातांवर कडकड वाजत होतं त्याच्या. पाणी पिण्याआधी त्याने विचारलं, शेतात कोण होतं? मी म्हटलं, कोणी नाही, सगळे जेवायला बसलेत. त्याला खरं वाटेना. तेव्हा तुझ्या बापाला हाताला धरून बाहेर आणला आणि दाखवला, हा बघ, तोंडात घास आहे अजून. परवा मी तुझ्या बापाला याची आठवण दिली. म्हणतो कसा, ते काय एकदाच पडलं. मी म्हटलं, तुला किती वेळा पडायला हवंय? ताटावरून उठून गेला. ऐकलं मात्र.

आता सुनावणीचं. तू शाळेच्या त्या हॉलमध्ये काठी घेऊन नकाशापुढे उभी होतीस, बाजूला तुझे मोठे साहेब आणि तळाचे मिशीवाले साहेब. आवाज छान होता तुझा. मला ऐकू आला म्हणजे बघ. लोकांनी विचारलं त्याला तू सरळ उत्तरं दिलीस. जुन्या घरांना धक्का नाही, नवी वस्ती या रेघेच्या आत नाही, शेती आणि कारखाने चालतील. सगळीकडे काठी फिरवलीस, फक्त आपल्या विहिरीवरून ती जरा घाईने नेलीस. ते मी पाहिलं आणि तुझ्या बापानेही पाहिलं. मग तो उठला. हात वर करून, पोर वर्गात उठतं तसा. म्हणाला, मला एवढंच म्हणायचंय. आणि विमान आलं. सगळा हॉल थांबला, तूही थांबलीस, आणि जन्मभर विमानाला थांबत आलेला हा माणूस थांबला नाही. त्याचे ओठ हलत राहिले. आवाज सरला तेव्हा तो खाली बसलेला होता. परत बोला म्हणून मोठ्या साहेबांनी दोनदा सांगितलं. झालं माझं बोलून, म्हणाला. तुझा चेहरा खडूसारखा झाला होता. कागद गोळा केलेस आणि कार्यालयाच्या गाडीत बसून गेलीस, घर हाकेच्या अंतरावर असताना.

त्यानंतर तळाचे मिशीवाले साहेब एकदा आवाज मोजायचं यंत्र घेऊन आपल्या ओसरीवर आले होते. चहा दिला. चहा संपेपर्यंत त्यांनाही तीनदा थांबावं लागलं, मला बरं वाटलं. मी त्यांना सरळ विचारलं, आमच्या पोरीला हे आधीच ठाऊक होतं, मग घरी एक शब्द का नाही बोलली? त्यांनी सांगितलं, आजी, तिला बोलायची मनाई होती. कुणाची जमीन पट्ट्यात जाते ते सुनावणीआधी फुटलं असतं तर लोक म्हणाले असते, सुताराच्या मुलीने बापाला सावध केलं. तिच्यावरच नाही, सगळ्या नकाशावर पाणी पडलं असतं. वर्षानुवर्षं शेजार सांभाळलेला माणूस बोलावा तसे शांतपणे बोलले. मला पटलं. तुझ्या बापाला मी हे सांगितलेलं नाही. का, ते पुढे कळेल.

तो हल्ली वेगळ्याच नादात आहे. मध्येच म्हणतो, नकाशावाल्यांचं म्हणणं, सुतारकामाची शेड चालते. किंवा, नकाशावाल्यांच्या हिशेबात पत्रा किती उंच चालत असेल? नकाशावाले म्हणजे कोण, हे मी विचारत नाही, तो सांगत नाही. एका फळीवर त्याने शेडचं चित्र काढलंय, दार विहिरीच्या बाजूला, खिडक्या दोन. हाताखाली दोन माणसं ठेवून काम करून घेतलं की गुडघ्यांना सुट्टी, असं काहीतरी त्याच्या डोक्यात शिजतंय. तुझ्या आईने म्हटलं, नाक्यावरच्या माणसाकडून आराखडा काढून घ्या, तो स्वस्तात देतो. तर तो म्हणाला, घाई काय आहे. ताडपत्रीवर दगड ठेवून आला.

आता हे सगळं का लिहायला बसले ते सांगते. काल तुझ्या आईच्या तोंडून निसटलं. तिने तुला बोलावलं तेव्हा तू म्हणालीस, बाबांनी सगळ्यांसमोर मला मेली म्हटलं, आता कुठल्या तोंडाने येऊ. हे तुला पिठाच्या गिरणीवाल्याने सांगितलं म्हणे. तो गिरणीवाला हॉलमध्ये मागच्या रांगेत बसला होता, त्याला तुझ्या बापाची पाठ दिसत होती. पाठीवरून बोलणं वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. मी तुझ्या बापाच्या शेजारी बसले होते, तोंडाकडे तोंड करून, आणि कान गेल्यापासून मी माणसांच्या ओठांवरच जगतेय. तो म्हणाला, 'आधी घरी येऊन मला सांगायचं होतंस गं, मी विटा उतरवल्या नसत्या. माझ्याच पोरीसमोर मला असं हात वर करून उभं राहायला लावलंस.' एवढंच. मेली नाही आणि बिली नाही. विमान जाईपर्यंत थांबला असता तर लोकांनी ऐकलं असतं, ते त्याला नको होतं. बोलायचं होतं फक्त तुझ्याशी, आणि तुझी नजर तेव्हा छताकडे. तुझ्या साहेबांच्या मनाईचं त्याला मी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बरं, आणि पुन्हा रंधा मारायला लागला असता. विचारलंय तुला, तर सांगायचंही तूच. वाटलं तर त्या शेडच्या पत्र्याचीही उंची सांग. मंजुरी तुझ्या हातची नको, ती आम्ही दुसऱ्या साहेबाकडून रांगेत उभं राहून घेऊ.

तुझीच, महोदय नव्हे, आजी

या पत्राला मला उत्तर पाठवायचं नाही, आईकडे निरोप ठेवायचा नाही. त्याला उत्तर द्यायचं, आणि ते तू द्यायचंस, त्याच्यासमोर उभं राहून.