तारेखालचा झुबा

३१ डिसेंबर, मंगळवार

काल येळवस, वेळ अमावास्येचं रानातलं जेवण. पाठ धरली आहे. पोटात भज्जी-आंबिल कमी, धूळ जास्त.

विठ्ठलरावांच्या रानात दुपारी जेवणं चालू असताना त्यांच्या बायकोच्या, शकुंतलाबाईंच्या, कानातला एक झुबा गायब झाला. सोन्याचा, लग्नातला. मला आमच्या रानातून मोटारसायकलवर उचलून नेलं. वर्कशॉपमधून धातू शोधायची मशीन आणली. (ही घेतली ती रोटाव्हेटरच्या पिना आणि मातीत गेलेले व्हॉल्व्ह शोधायला. किल्ल्याकडे 'धन' शोधायला चला म्हणणाऱ्यांना मी हाकलून देतो.)

बाभळीखाली पूजेची कोप, म्हणजे कडब्याची खोप, तिच्या तोंडाशीच कडक आवाज. उकरलं. कडबा बांधायच्या बाइंडिंग तारेचा तुकडा. पन्नासेक माणसं भोवती. मी ऐटीत उभा राहिलो नि म्हणालो, "मशीन खोटं बोलत न्हाई. सोनं असतं तं वाजलं असतं. इथं न्हाई."

मग सगळे मुक्तामावशीकडे बघायला लागले. मावशी म्हणजे आईची मैत्रीण, गावातली भज्जी, येळवसची मिसळभाजी, तिच्याच हातची. काल विठ्ठलरावांकडे रांधायला होती, शकुंतलाबाईंच्या मांडीला मांडी लावून. कुणी विचारायची वाट तिने पाहिली नाही. तिनेच उठून पदर झटकून दाखवला.

मी तेव्हा मशीनची तबकडी पुसत होतो.

५ जानेवारी, रविवार

नायगावच्या एका लग्नाचा स्वयंपाक मु.मावशीकडे होता. आता दुसरीला सांगितला. बायकोने, सुनंदाने, पोळपाटावरून पोळ्या उचलता उचलता सांगितलं.

"मशीननं सांगितलं म्हणून राहिले लोक. मशीनला तोंड कुठं हाय?"

मी पोळी मोडत बसलो. मग मीठ मागितलं.

१२ जानेवारी, रविवार

उमरीला गेलो. एकाची रोटाव्हेटरची पिन रानात पडलेली. आडवी मशीन फिरवली, मग उभी, आवाजाच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदल्या तिथे खुरपं लावलं. पत्र्याचा तुकडा निघाला. शेतकरी हिरमुसला. मी सवयीने त्याच खड्ड्यावर परत तबकडी धरली, तर अजून आवाज. वीतभर खाली पिन.

तो खूश. चहा घ्या, चहा घ्या. मी तिथेच मातीत बसून राहिलो.

गिऱ्हाइकांना दहादा सांगतो, एक वस्तू निघाली म्हणजे काम संपलं नाही, खड्डा परत तपासा. येळवसला मी तपासला नव्हता. आडवी-उभीही केली नव्हती. लोक बघत होते म्हणून.

१३ जानेवारी, सोमवार

वर्कशॉपमध्ये घमेल्यात माती भरली. सुनंदाचं कानातलं पुरलं, वर येळवसला निघालेला तोच तारेचा तुकडा. मशीन धरली. दोघांचा मिळून एकच आवाज, कडक, अगदी त्या दिवशीसारखा. तार काढली. मग बारीक, वेगळा आवाज.

तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

१४ जानेवारी, संक्रांत

घरोघर तिळगूळ देत फिरलो. मु.मावशीच्या दारावरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा ती ओट्यावर होती. मी मोबाइल कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं.

असा माणूस आहे मी.

१९ जानेवारी, रविवार

विठ्ठलरावांना सांगून रानात गेलो. पाण्याच्या लाइनचा जॉइंट बघतो म्हणालो. कोप मोडलेली, पण बाभळीखाली माझा खड्डा तसाच. कुणी बुजवलासुद्धा नव्हता. मशीन धरली. बारीक आवाज. आडवी, उभी. खुरप्याने नाही, बोटांनी उकरलं. खड्ड्याच्या कडेपासून चार बोटांवर झुबा.

सरळ विठ्ठलरावांकडे गेलो. सगळं सांगितलं, माझी चूक म्हणालो. त्यांनी झुबा धोतराला पुसला.

"मिस्त्री, मिळालं तं मिळालं. आता गावभर कशाला? आमचीबी शोभा, तुमचीबी. घरात मी बघतो."

"हाव, बरं," म्हणालो. बरं वाटलं मला, खरंच हलकं वाटलं. हे लिहिताना कान तापले आहेत.

२४ जानेवारी, शुक्रवार

कसलं बघतो नि कसलं काय. शकुंतलाबाईंनी सांगितलं, झुबा लुगड्याच्या घडीत सापडला. गावाला तेवढंच पाहिजे होतं. शनिवारी मु.मावशी त्यांचं पातेलं परत द्यायला त्यांच्या घरी गेली होती म्हणे. म्हणजे तिनेच नेला, भ्याली, घडीत खुपसून आली.

आधी संशय होता. आता लोकांना पुरावा मिळाला, आणि तो मी खुरपून काढून हातात नेऊन दिला.

सुनंदाला आज सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "मग अजून घरात काय करून राहिलात?"

२६ जानेवारी, रविवार

मु.मावशीकडे गेलो. ती अंबाडीची भाजी निवडत होती. सगळं बोललो. तार, खड्डा, चार बोटं, विठ्ठलराव. पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

हातातली जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली,

"दत्ता, तवा तू सगळ्यायम्होरं बोललास. आता मला एकटीला सांगून राहिलास. मला तं आधीच ठावं होतं रे, म्या न्हाई घेतला."

चहा केला तिने. मी प्यालो. इतका लाजलो की किती गोड होता तेही आठवत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या विठ्ठलरावांच्या पुतण्याचं लग्न. सगळा गाव पंगतीला. भज्जी नाही, पण एरवी वरण तरी मु.मावशीचंच असतं. उद्या ती घरी असेल.

बोललो तर भर लग्नात शकुंतलाबाई खोट्या पडतात. विठ्ठलराव पुन्हा वर्कशॉपची पायरी चढणार नाहीत, त्यांचे भाऊबंदही नाहीत. न बोललो तर कुणालाच काही कळणार नाही. हीच तर पंचाईत आहे.

सुनंदाने विचारलं, "मशीन कशाला काढली?" मी परत पिशवीत घातली. मशीनचं काही काम नाही उद्या.

इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात तारेचा तो तुकडा ठेवला आहे. वदनी कवळ संपलं की लगेच उठायचं, पहिला घास घ्यायच्या आत. पोट भरलं की मी बोलणार नाही. मी मला ओळखतो.