बटणांखालच्या पट्ट्या

अहो,

डॉक्टरांचा फोन आला होता. तुमच्या गळ्यातली गाठ साधी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा ते हसायला लागले. शिडीवर चढलात की तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी तिकिटं काढायला गेलेय. समुद्रकाठच्या त्या गावांची, जिथे मुखवटे घालून रात्रभर नाचतात. लग्न झाल्यापासून दाखवतो म्हणताय. 'पुढच्या वर्षी बघू' आता ऐकायची नाही. नाच बघताना घोरलात तर तिथेच सोडून येईन.

जेवण झाकून ठेवलंय. माळ्यावरची बॅग काढा. थोरलीला कळवा, पोरीचा जीव टांगणीला लागलाय.

आणि एक. जन्मभर लोकांच्या घरचे दिवे दुरुस्त केलेत, पण आपल्या घरातल्या वायरीला मला कधी हात लावू दिला नाहीत. गाठ दिसल्यापासून मात्र गुपचूप एकेका बटणाखाली त्या त्या दिव्याच्या नावाची पट्टी चिकटवत होतात. कशासाठी ते मला कळत होतं.

आज सगळ्या खरवडून काढल्या. दिवे गेले की मी तुम्हालाच हाक मारणार.