छावणीत कपिलेची जागा

लाडक्या चतुरास,
नाशिकहून आक्काचा पाठीवरून मायेचा हात.

मी मजेत हाय. नात निकिता लय जपते, गुडघ्याला तेलसुद्धा तीच चोळते. अक्षर वाकडं हाय, समजून घे.

मोठा भूकंप झाला तर लोकांना कुठं ठेवायचं, घरं परत कशी बांधायची, याची सरकारी योजना निकिताच्या हापिसात चाललीय. परवा ती घरी नकाशा घेऊन बसली होती. शाळेच्या मैदानात तंबू, नळ, दवाखाना, सगळं होतं. मी विचारलं, "आणि गुरं?"

"आजी, आधी माणसं."

"गुरं मागं राहिली तर माणसं यायची नाहीत, बाई. माझ्या बहिणीलाच विचार."

मग तुझी गोष्ट सांगितली. मागं जमीन हलली तेव्हा सगळी गल्ली बाहेर पळाली, आणि तू गोठ्यात कपिलेच्या गळ्याला मिठी मारून उभी. भिंतीची माती डोक्यावर पडत होती तरी हलली नाहीस. निकिता हसली नाय. तिनं साहेबांना सांगितलं. आता गावोगावी तंबूंशेजारी गुरांचा मांडव आणि चारापाणी योजनेत लिहिलंय. तिसरी शिकलेल्या बाईचं सरकारनं ऐकलं बघ.

कांदा चाळीत भरला का? तुझा खोकला कसा हाय?

आता तुला गोठ्यात थांबायला बहाणा उरला नाय. कपिलेच्या दाव्याला आजपासून सुरगाठ मार, एका ओढीत सुटेल अशी. जमीन हलली की दोघी बाहेर निघा.

तुझी वाट बघणारी,
आक्का