आईनं घासलेलं नाणं

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २००३, कुवेत

आज संध्याकाळी सुकातल्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातल्या, जुन्या नाण्यांच्या दुकानात शेवटी जाऊन आलेच. इथे नर्स म्हणून लागले तेव्हा पहिल्या पगारातून हौसेनं घेतलेलं ते चांदीचं नाणं. इथल्या सरकारनं कुवेतच्या राष्ट्रीय दिनासाठी काढलेलं, शिडाच्या जहाजाचं. नाशिकला आईला दिलं होतं. ती गेल्यावर या उन्हाळ्यात परत घेऊन आले.

विकायचं होतं का? नाही. मग किंमत विचारायला गेले कशाला?

दुकानदारानं भिंग लावलं आणि तोंड वाकडं केलं. "सिस्टर, इसको किसने घिसा? अब सिर्फ चांदी का भाव."

आईनं. दर लक्ष्मीपूजनाला, रांगोळीनं, खसाखसा. मी एकदा फोनवर ओरडलेही होते, "अगं, अशी नाणी घासायची नसतात!" तर म्हणाली, "मग काय काळं नाणं ठेवू लक्ष्मीपुढे? तुझ्या पहिल्या पगाराचं?"

शीड पार गुळगुळीत झालंय. घरी आल्यापासून त्यावर अंगठा फिरवत बसलेय. बरोब्बर अंगठ्याएवढीच जागा झिजलीय.

दिवाळी आठवड्यावर आली. जलीब भागातल्या भारतीय दुकानात रांगोळी मिळते का, उद्या बघायला हवं.