मागावरची गाठ

अप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी लोक अजून म्हणतात, माणूस सोन्यासारखा, दारूनं घात केला. मी मान हलवते. हलवून हलवून वीट आलाय आता.

दुष्काळाचं साल. भर दुपारी तुम्ही हातभट्टीची पिऊन हातमागावर बसलेले, मी शेजारी सुताच्या कांड्या भरतेय. आई एवढंच म्हणाली, आज तरी मागाला शिवू नका, चादर बिघडेल. तेवढ्यात ताण्यातला एक उभा धागा तुटला. तुम्ही हात थांबवलात. दोन्ही टोकं शोधलीत, चिमटीत धरून बारीक गाठ मारलीत, उरलेलं शेपूट दातानं तोडलंत. मग उठलात, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा उचललात आणि आईच्या कानशिलात घातलात. ती परत उठलीच नाही.

तुमचा खटला घेतलेल्या सात रस्त्यावरच्या वकिलांनी मला समोर बसवून समजावलं. आपण होऊन प्यायलेल्याला परिणाम कळत होता असं कायदा धरूनच चालतो. पण जीव घ्यायचाच हेतू होता का, हे ठरवताना नशा किती चढली होती तेही बघतात. हेतू ठरला तर जन्मठेप, नाहीतर चार-पाच वर्षांत माणूस बाहेर. मामा, आईचा सख्खा भाऊ, बाहेर पायरीवर बसला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ती तर गेली, पोरी. ह्यो बी आत गेला, तर धाकट्या दोघांला कोण बघंल, सांग की."

कोर्टात मी सांगितलं, अप्पांना उभंही राहता येत नव्हतं, हात लटलटत होते. साहेबांना मागातलं काय कळणार? लटलटत्या हाताला ती गाठ जमत नाही, हे तिथं दोघांनाच ठाऊक होतं. पिंजऱ्यातून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मान खाली घातलीत.

पाच वर्षांनी परत आलात आणि येईल त्याला सांगत सुटलात, "दारूनं केलं, म्या न्हाय." सांगून सांगून तुम्हाला ते खरंच वाटायला लागलं. माझा जळफळाट होतो तो याचाच. खोटं बोलले मी, आणि झोप लागली तुम्हाला.

हा कागद मी ट्रंकेतच ठेवणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. पोलीस पंचनामा करून धोटा घेऊन गेले, मागाकडे कुणी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी, घरात आईचं सुतक असताना, मी दार लोटून दुसरा धोटा घेऊन मागावर बसले आणि ती गाठ कापडात दिसेनाशी होईपर्यंत विणत राहिले. वकील तेव्हा मला भेटलेही नव्हते, अप्पा. मामाही अजून काही बोलला नव्हता.