चालीवर बसवलेलं वाक्य

बाई, चर्चमागच्या खोलीत रविवारी दुपारी आता मी मराठी शिकवतो. उपासना आटोपली की भगिनी मंडळातल्या बाया चहाचं पातेलं चढवतात आणि इंदिरानगरातल्या इमारतींवर राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांतल्या बायका सतरंजीवर येऊन बसतात. पाळकसाहेबांनी बोलावलं तेव्हा मी म्हणालो, "मी काही तुमच्या उपासनेला येणारा नाही." ते म्हणाले, "बाईंच्या वर्गातले ना? मग झालं."

तुम्हीही हेच करायचात. मिशनच्या शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या कामाला आलेली तेलुगू कुटुंबं बसायची आणि तुम्ही त्यांना बाजारातली वाक्यं आमच्या पुस्तकातल्या कवितांच्या चालींवर म्हणायला लावायचात. "चालीत बसलं की जिभेची भीती जाते," म्हणायचात. आम्हा मुलांनाही त्यांच्यातच बसवायचात. दुपारचं ऊन फरशीवर आलं आहे, सगळे एका सुरात वांग्यांचा भाव विचारताहेत, आणि तुम्ही मान न वळवता मला म्हणता, "पोटातल्या पोटात काय पुटपुटतोस? मोठ्यानं म्हण."

मीही तेच धरलं. वर्गातल्या एकीला मुलीला पालिकेच्या शाळेत घालायचं होतं. ती हिंदीत म्हणाली, "दरवेळी चर्चमधलं कुणीतरी माझ्यासाठी बोलतं, सर. या वेळी मी बोलणार. पोरगी बघते ना." तिचं वाक्य मी तुमच्या त्या संथ चालीवर बसवलं. भांडी घासतानाही ती तेच म्हणायची. नवरा वैतागला, "शाळेनं लवकर घ्यावं, नाहीतर मीच पहिलीत बसतो."

शाळेच्या कचेरीत मी दाराशी थांबलो. मुलीचा हात धरून ती टेबलापुढे गेली आणि चालीतच म्हणाली, "माझ्या मुलीला पहिलीत घ्यायचं आहे." शेवटचा 'आहे' अगदी तुमच्यासारखा लांबवला. टेबलामागच्या बाईंनी मान वर केली. "ताई, प्रार्थना झाली सकाळीच." रांगेतले हसले. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढं होऊन आपणच बोलावं असं मला वाटलं. पण तिनं ओढणी सारखी केली आणि साध्या आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हटलं. वर स्वतःचं एक जोडलं, "उद्यापासून आणू का?"

"सोमवारी आणा. पाण्याची बाटली द्या बरोबर."

रस्ताभर ती मुलीशी मराठीत बोलत होती. गेल्या रविवारी मी चाल धरली तर म्हणाली, "सर, आता असंच बोलू की. गाण्यात लय वेळ जातो." सगळ्या हसल्या, मीही हसलो. याच दिवसासाठी तर तुम्ही घसा कोरडा करायचात.

घरी आलो, दार लोटलं आणि तिचं वाक्य एकट्यानं तुमच्या चालीत म्हणून पाहिलं. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून लिहितो: तिनं ते आणखी थोडे दिवस गायलं असतं, तर मला हवं होतं.