साधाच उपास

ठाणे, दि. १५ जानेवारी २००७

ती. दादास,
सुवर्णाचा शि. सा. न. वि. वि.

तारीख मिळाली. मंगळवार, २३ जानेवारी, सकाळी नऊ. शाळा सुटली की रोज त्या तपासणी केंद्राच्या खिडकीशी जाऊन उभी राहात होते. शेवटी तिथल्या बाईंनीच कंटाळून तुझं नाव घातलं.

घशातली ही नवी गाठ म्हणजे पुन्हा तोच कॅन्सर की रेडिएशनचा शेक दिल्यामुळे आलेली नुसती सूज, हे तुकडा काढूनही कळलं नाही, म्हणून ही तपासणी. शिरेतून साखरेसारखं एक किरणांचं औषध देतात. रोग असेल तिथे ते जास्त ओढलं जातं आणि यंत्रात ती जागा उजळ दिसते. सूजही थोडी उजळते, पण डॉक्टर सगळं अंग पाहून ठरवतात. सूज असली तर गोळ्यांवर भागेल. रोग असला आणि घशापुरताच असला तर ऑपरेशन. त्यापुढचं मी लिहीत नाही.

आता नियम. आदल्या दिवशी मळ्यात फुलं तोडायची नाहीत, खुरपं धरायचं नाही. सकाळी उपास धरायचा, पाणी प्यायलास तरी चालेल. औषध दिल्यावर तासभर बोलायचं नाही. शेक घेतल्यापासून तुझा आवाजच गेलाय, तेव्हा या परीक्षेत तू पहिला येणार. माझी सकाळची शाळा आहे, अकरापर्यंत पोचतेच.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी सुवर्णा

मखमलाबाद, दि. २५ जानेवारी २००७

चि. सौ. सुवर्णास दादाचे अनेक आशीर्वाद.

तू येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण तुझी वहिनी तिथल्या खुर्चीत रडायला लागली आणि मला तिथे बसवेना. तपासणी झाली नाही.

तू उपास लिहिलंस. मंगळवारी वहिनीचाही असतोच. पाणी चालतं हे मी खुणेने सांगितल्यावर ती म्हणाली, म्हणजे निर्जळी नाही, साधाच उपास हाय. मग पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली, दोन राजगिऱ्याचे लाडू, वर केळं. एवढ्या लांब जायचं तर अंगात जोर नको का, असं तिचं म्हणणं. मीही खाल्लं. तिथे बोटातून रक्त काढलं तर साखर वर. तिथला माणूस कपाळाला हात लावून म्हणाला की यांना उपाशी यायला सांगितलं होतं. ते औषध त्याच दिवशी येतं आणि काही तासांतच त्याचा जोर संपतो म्हणे. माझ्या वाट्याचं वाया गेलं. पुढची तारीख २० फेब्रुवारी.

समजावताना तो बोलून गेला की ही गाठ साखर खाते. तेव्हापासून वहिनी मला दहादा विचारते की माझ्या लाडवांनी गाठ वाढली का. मी मान हलवून नाही म्हणतो, तिला पटत नाही. पाटीवर लिहून दाखवावं तर तिला अक्षर येत नाही. चार आठवडे कसे काढायचे, सुवर्णा? रोज सकाळी गळा चाचपतो आणि मोठी झाली असंच वाटतं.

तुझ्यावर राग नाही.
दादा

ठाणे, दि. २९ जानेवारी २००७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग नाही असं का लिहिलंस? राग धर. वीस वर्षं मराठी शिकवते मी. पोरांच्या वहीत एका वेलांटीसाठी लाल शाई सांडते, आणि तुला उपाशी लिहायचं तिथे उपास लिहिला. चार आठवडे माझ्या एका अक्षराने गेले. रोज खिडकीवर जाते, मधली तारीख मागते, नाही म्हणतात. परवा तिथेच भांडले आणि मग त्यांच्याच पाया पडले.

वहिनीला शेजारच्या सहादूकडून हे पत्र वाचून घ्यायला सांग. वहिनी, तुमचा काही दोष नाही. लाडवांनी गाठ वाढत नाही, मी डॉक्टरांना विचारून लिहिते आहे. चूक सगळी माझी आहे.

या वेळी मी आदल्या दिवशीच तुम्हाला घरी आणणार. मला टाकू नकोस.
सुवर्णा

मखमलाबाद, दि. २६ फेब्रुवारी २००७

चि. सौ. सुवर्णास अनेक आशीर्वाद.

तू परवा पाठवलेला रिपोर्ट घेऊन आज आम्ही दोघं नाशकातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो उजेडात धरले, बराच वेळ पाहिले, आणि वहिनीकडे बघून हळूच म्हणाले की आता ऑपरेशन नको. मग कागद माझ्या हातात दिला. घसा उजळलाय, दोन्ही फुप्फुसंही आणि यकृतही. मी विचारायच्या आतच त्यांनी लिहून दिलं की चार आठवड्यांआधीही हेच दिसलं असतं. ते खरं असो नसो, तू खरं धर.

पण वहिनीने ऐकलं ते एवढंच, की ऑपरेशन नको. ती दवाखान्यातच डॉक्टरांच्या पाया पडली. येताना रिक्षावाल्यालाही सांगितलं. घरी आल्यावर मी खुणा करून पाहिल्या. छातीवर हात ठेवला, मान हलवली. तर ती म्हणाली, व्हय, माझ्याबी छातीवरचा दगड उतरला. सहादूला सांगता येईल, पण तो दारातच रडेल आणि गावभर होईल. तिला परक्या माणसाकडून कळू नये.

मला फार भीती वाटते, सुवर्णा. घरात माणूस आहे आणि ती भीती त्याला सांगता येत नाही. तुझ्या तोंडाने तिला सांग, मी शेजारी बसेन. रविवारी तिने सगळ्या वस्तीला जेवायला बोलावलं आहे. त्याआधी ये.

तुझा
दादा